पट्टा थरथरला तेव्हा
तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा वास आला की अजूनही माझं डोकं तापतं. मला जन्मापासून दिसत नाही. कुरखेड्याला अंधांसाठीच्या शिबिरात मनगटाला बांधायचा एक पट्टा मिळाला होता. समोर काही आलं की तो थरथरायचा. त्याच्या भरवशावर मी पहिल्यांदाच एकटी बोरिंगवरून पाण्याची गुंड, म्हणजे घागर, डोक्यावर घेऊन निघाले. पट्टा थरथरला, मी थांबले. बाजूने वळले, तर पुन्हा थरथरला. "थांबली पाहा! अजून तिच्या समोर उभा राय!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. समोरून खर्र्याचा ओळखीचा वास आला. माझा सख्खा भाऊ! "काऊन रे, तमाशा लावला माझा?" "गंमत करून राह्यलो वं." तिसऱ्यांदा पट्टा थरथरला तेव्हा मी सरळ त्याच्या अंगावर गेले, पाण्यासकट. तो पट्टा कधीचाच बिघडला. पण मुद्दाम वाटेत उभं राहणाऱ्यासाठी मी आजही थांबत नाही.