नखाखाली अडकलेला धागा

लग्नसराई होती आणि शिवायला आलेल्या ब्लाऊजच्या पिशव्या दिवाणावर मावत नव्हत्या. सांगलीत आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझं मशीन आहे. लग्न होऊन इथं आले तेव्हापासून मी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल लावते. त्या दुपारी एका नवरीच्या शालूवरचा ब्लाऊज हातात होता आणि मी गळ्याला हातशिलाई घालत होते. धागा ओढला, तो येईना. पुन्हा ओढला तशी कळ थेट डोक्यात गेली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखाखाली धागा शिरून बसला होता.

बोट उजेडात धरलं. नख टोकाकडून सुटलं होतं, खाली पोकळी झाली होती. पोकळीच्या कडेला, कागदावर तेलाचा थेंब पडावा तसा एक पिवळट तांबूस डाग होता. धागा कापून काढला आणि मग बाकीची नखं बघितली. तीन-चार नखांवर बारीक खड्डे होते, कुणी टाचणीनं टोचून ठेवल्यासारखे. ते कधी आले मला माहीत नाही. रोज हाताकडे बघून काम करणारी मी, पण माझं लक्ष कापडावर असायचं.

मी तिथंच खाली बसले. असली नखं मी आधी बघितली होती, माझ्या वडिलांच्या हातांवर.

आबा फौजेतून हवालदार होऊन रिटायर झाले आणि साताऱ्याजवळच्या आमच्या गावी परत आले तेव्हा मी शाळेत होते. येतानाच त्यांची नखं जाड आणि पिवळी होती, खाली भुसा भरल्यासारखी. डोंगरात ओल्या बुटात अन् ओल्या हातमोज्यात वर्षं काढली, त्यानं झालं, असं ते सांगायचे. पुढं बोटं सुजायला लागली. सूज उतरायची, पण बोट पहिल्यासारखं सरळ व्हायचं नाही. गावात सगळे त्याला वात म्हणायचे. तेलं झाली, लेप झाले. मग त्यांच्या हातातला कोयता सुटला. पुढं शर्टाची बटणं आई लावायला लागली. चहाचा कप ते दोन्ही तळव्यांत धरून पितात. बाहेर निघाले की हात खिशात जातात. माझ्या लग्नाच्या फोटोंत आबा सगळीकडे ताठ उभे आहेत, पण हात एकाही फोटोत नाहीत.

म्हणजे हा रस्ता कुठं जातो ते मला माहीत होतं. कपड्याच्या पिशव्यांमध्ये बसून मी बोटं उघडून, मिटून बघत राहिले.

कुणाला काही बोलले नाही. गडद रंगाचं नेलपॉलिश आणलं आणि लावलं. नवऱ्यानं विचारलं, हे नवीन काय. मी पॉलिश पुसून त्याला नखं दाखवली. तो मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला आहे. त्यानं आपली नखं माझ्या नखांशेजारी धरली आणि म्हणाला, माझीही पिवळीच आहेत की. तो हसला. मलाही हसावं लागलं. सासूबाईंनी नखुरडं समजून बोट लिंबात खुपसून ठेवायला सांगितलं. तेही केलं. उघड्या कातडीवर लिंबू झोंबून डोळ्यांत पाणी आलं, बाकी काही झालं नाही.

जवळच्या डॉक्टरांनी नखाची बुरशी म्हणून गोळ्या दिल्या, नखावर लावायचं औषध दिलं. पावसाळा उलटून गेला तरी मी ते इमानानं लावत होते. नखं एकेक करून उचलतच होती. बुरशी म्हटल्यावर ती दुसऱ्याला लागत असणार, हे डोक्यात बसलं. मी माझा टॉवेल वेगळा केला. कणीक मळताना हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालायला लागले. एकदा एक जुनी गिऱ्हाईक माप द्यायला आली. मी टेप तिच्या खांद्यावर ठेवला आणि तिची नजर माझ्या बोटांवर गेली. ती काही वाईट बोलली नाही. घाई आहे, पुढच्या वेळी बघू, असं म्हणत कापड पिशवीत परत घातलं आणि गेली. ती परत आली नाही. त्यानंतर माप घेताना मी बोटं मुठीत दडवून टेप लावायचे.

माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. ती झोपली की मी तिची बोटं बघायचे. जागी असताना काहीतरी निमित्त काढून हात हातात घ्यायचे, नखं वाढलीत का बघू, मेंदी काढू का. खड्डा दिसतो का, डाग दिसतो का. दिसला नाही की तेवढ्यापुरता श्वास सुटायचा.

दिवाळीनंतर एका सकाळी उठले तर डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अंगठ्याएवढं झालं होतं. सबंध बोट मुळापासून टोकापर्यंत सुजून लाल झालं होतं. अंगठी रुतली होती. ती साबण लावून काढताना मी नळाखाली हात धरून रडले. आबांचं पहिलं बोट असंच सुजलं होतं. ते डोळ्यांसमोर आलं. त्या दिवशी नवऱ्यानं कामावर सुट्टी टाकली. आम्ही मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी दहाही नखं भिंगातून बघितली. मग मला केस सोडायला सांगितले आणि कानामागं, मानेवर बघितलं. तिथं खपल्या होत्या. त्यांना मी वर्षानुवर्षं कोंडा समजत होते. कोपर बघितलं. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का, मोकळी व्हायला किती वेळ लागतो, टाच दुखते का, असं त्या विचारत गेल्या. मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेले. शेवटी त्यांनी विचारलं की घरात कुणाला असं आहे का. मी आबांच्या हातांचं सांगितलं.

नखाचा तुकडा तपासायला गेला. त्यात बुरशी सापडली नाही. बाईंनी मला सोरायसिस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. शरीराची स्वतःची राखण करणारी ताकद चुकून शरीरावरच उलटते. कुणाची कातडी धरते, कुणाची नखं, कुणाचे सांधे. हात लावल्यानं हे कुणाला लागत नाही. एवढं एक वाक्य ऐकून मला बरं वाटलं. पण नंतर त्या म्हणाल्या, "नखं अशी झालेल्या बऱ्याच जणांचे सांधे पुढं धरतात. तुमचे धरायला लागलेत. आता उशीर करू नका."

त्यांनी मिरजेतल्याच संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथं रक्ताच्या तपासण्या झाल्या, हातांचे एक्स-रे निघाले. आठवड्यातून एकच दिवस घ्यायच्या गोळ्या मिळाल्या. चुकूनही रोज घ्यायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी येऊन मी मोबाईलवर त्या गोळ्यांचं नाव घातलं. हे औषध कॅन्सरला देतात असं पहिल्याच ओळीत आलं. पुढं यकृताचं, रक्ताचं बरंच काही होतं. मी मोबाईल पालथा ठेवला. गोळ्यांचं पाकीट रव्याच्या डब्यामागं सारलं आणि ठरलेला वार आला तसा जाऊ दिला. पुढचाही जाऊ दिला. नवऱ्याला घेतल्या म्हणून सांगितलं. बोट दुखत होतं. गोळीचीही भीती होती, गोळी न घेण्याचीही. स्वयंपाकघरात गेलं की त्या डब्याकडे बघवत नव्हतं.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी बोट दाबून बघितलं आणि औषध सुरू केलं का असं सरळ विचारलं. मी नाही म्हणाले. ते रागावले नाहीत. कॅन्सरमध्ये देतात ती मात्रा कितीतरी मोठी असते, ही त्यापुढं काहीच नाही, म्हणून तर मधेमधे रक्त तपासत राहायचं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग म्हणाले की वडिलांना एकदा दाखवायला आणा.

आबा फोनवर नको म्हणाले. आता त्यात काय राहिलंय, उसाला पाणी चालू आहे, असं काय काय सांगत बसले. मी म्हटलं, तुमच्यासाठी नको, माझ्यासाठी या. मग ते एसटीनं आले. सांगली स्टँडवर उतरले तेव्हा पिशवी कोपरात अडकवलेली आणि हात खिशात.

डॉक्टरांनी मला टेबलावर दोन्ही हात पसरायला सांगितले. मग आबांकडे बघितलं. आबांनी थोडा वेळ घेतला. मग खिशातून एक हात काढला, दुसरा काढला, आणि माझ्या हातांशेजारी ठेवले. वाकलेली बोटं टेबलावर टेकत नव्हती. त्यांची नखं आणि माझी नखं शेजारी शेजारी, तोच रंग, तेच खड्डे. मी त्यांच्या हातांकडे बघत होते आणि ते माझ्या.

"माझ्याकडनं गेलं व्हय हे हिला?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं की असं कुणी कुणाला देत नाही. घराण्यात कल असतो, कुणाला होतं, कुणाला होत नाही, एकाच आईबापाच्या दोन लेकरांतही सारखं नसतं. आबांनी मान हलवली, पण ते त्यांना पटलेलं नव्हतं. त्यांची बोटं आता सरळ होणार नाहीत, दुखणं मात्र कमी करता येईल, हेही डॉक्टरांनी सांगितलं.  आबांनी माझ्या बोटाचं काय, तेवढंच दोनदा विचारलं.

परत येताना सिटी बसमध्ये आम्हाला मागं जागा मिळाली. आबा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघतच बोलले.

"बुटाच्या अन् हातमोज्याच्या वलीनं झालं म्हणून मी सगळ्यास्नी सांगत हुतो. मला सोताला वाटायचं, महारोग हाय. कुणाला इचारायची छाती झाली न्हाई. म्हणून तुला कवा जवळ घेतलं न्हाई, पोरी."

मला वाटायचं की फौजी माणूस, कडक स्वभाव. एवढी वर्षं हा माणूस घरात आमच्यापासून हात लांब ठेवून वावरत होता आणि त्याची भीती आमच्यात कुणालाच कळली नव्हती. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो लगेच काढून घेतला नाही. आमचा थांबा आला तेव्हा उतरायसाठी काढला.

त्याच आठवड्यात मी पहिली गोळी घेतली. आबा समोर बसले होते. दुसरा दिवस मळमळण्यात गेला. अजूनही जातो. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत मला जेवण जात नाही, आणि एकदा यकृताचा आकडा वाढून आला तेव्हा तर मी मशीनवर बसूच शकले नाही. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्यावर तो उतरला. बोटाची सूज हळूहळू गेली. बोट थोडं वाकडं राहिलं आहे, पण कात्री धरता येते, हूक लावता येतात. नखांना फार वेळ लागला. मुळाकडून नवीन, गुळगुळीत नख अगदी सावकाश पुढं सरकताना मी बघत होते. दोन नखं अजून तशीच आहेत. ती मी अगदी बारीक कापते, खाली काही खुपसत नाही, भांडी घासताना हातमोजे घालते. माप द्यायला येणाऱ्या बायका विचारतात तेव्हा काय आहे ते नाव घेऊन सांगते. एकदोघींनी मग आपली नखं पुढं केली.

आबा गावाकडे औषध घेतात. दुखणं कमी झालंय म्हणतात. हात खिशातच असतात.

भीती गेलेली नाही. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी बोटं हलवून बघते. आणि मुलीची नखं बघायचं मी काही सोडलं नव्हतं. ती आता दहावीत आहे. परवा ती अभ्यास करत होती, मी चहा ठेवायला गेले आणि सवयीनं तिचा हात उचलून उजेडाकडे वळवला. तिनं तो सावकाश सोडवून घेतला.

"आई, तू असं बघायला लागलीस की मलाच भीती वाटायला लागते," ती म्हणाली. "मला काही दिसलं तर मी तुला सांगीन ना. लपवणार नाही."

मी बरं म्हटलं. तिच्याजवळ कप ठेवला आणि मशीनवर येऊन बसले, पण बराच वेळ पाय पेडलवर नुसताच राहिला. त्यानंतर मी तिचा हात धरून बघितलेला नाही. जेवताना ती समोर बसते तेव्हा नजर जाते. ती मान खाली घालून जेवत असते. मग मी माझ्या ताटाकडे बघते.