सलूनच्या पायरीजवळचं रानफूल

सलूनवाल्याचं खरं नाव कोणी घेत नसे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं रे बसलं, की हा विचारणार, "बारीक करू?" म्हणून सगळे त्याला बारीकराव म्हणत. माणूस टापटिपीचा, इतका की डोक्याला ताप! टॉवेलच्या घड्या एका रेषेत, कंगवे लहान-मोठे ओळीनं, आणि कुठं काही वाढलेलं दिसलं की याचे हात शिवशिवलेच. शेजारच्या घड्याळवाल्याच्या भुवयासुद्धा यानं एकदा बोलता बोलता कापून टाकल्या होत्या.

सलूनच्या पायरीलगत हातभर माती होती आणि तिथं एक रानफुलाचं झुडूप. ते लावलं होतं त्याच्या ताईनं. आई लवकर गेली, तेव्हा याला ताईनंच वाढवलं. न्हाऊ घातलं, डोकं मांडीवर घेऊन फणीनं उवा काढल्या, बापाच्या मागं लागून धंद्याला लावलं. सलून उघडलं तेव्हा तिनं माळावरच्या खडकातून हे रोप मुळासकट काढून आणलं. "याला खत नको, रोज पाणी नको. नुसतं याच्या वाटेला जाऊ नकोस," म्हणाली. ऐकतोय कोण? जांभळी फुलं झकास यायची, पण पाकळ्या गळून बोंडं तपकिरी पडली की बारीकराव कात्री घेऊन हजर. झुडूप काही मरत नसे. मुळं चिवट, पुढच्या वर्षी पुन्हा फुटायचं. त्यामुळं आपण फार छान निगा राखतो, अशी याची समजूत.

पुढं ताईच्या मुलानं तिला आपल्याकडं नेलं, दूरच्या शहरात, पार वरच्या मजल्यावर. मुलगा चांगला, सूनही चांगली. पण ताईचं दर फोनला एकच, "माझा जीव नाही रे रमत इथं. मला घेऊन जा." घेऊन जाणार कुठं? सलूनमागच्या एका खोलीत नवराबायको कशीबशी राहत होती. हा फोन ठेवायचा आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर डाफरायचा.

एकदा ताई म्हणाली, "बरं, माझ्या त्या फुलाचं बी तरी पाठव. गॅलरीत लावीन." आयुष्यात तिनं भावाकडं मागितलेली ही पहिली गोष्ट.

"हात्तिच्या! एवढंच ना?" म्हणाला, आणि बाहेर येऊन बघतो तर सगळं सफाचट. बोंडं त्यानंच नुकती छाटली होती. दरवर्षी छाटत आला होता. बी धरणार कुठून, कपाळ?

वर्षभर थांबणं आलं. ताईला नुसतं "पाठवतो, पाठवतो" चाललं होतं. पुन्हा फुलं आली, गळली, बोंडं वाळायला लागली, पण बी पिकेपर्यंत कापायची सोय नाही, आणि बारीकरावाचे हाल सुरू झाले. दारात वेड्यावाकड्या काटक्या आणि हातात कात्री! गिऱ्हाइकांना तर आयतंच सापडलं.

"काय बारीकराव, दारातल्या पाहुण्याचा नंबर कधी लागणार?" घड्याळवाला विचारायचा. "झिंज्या फार वाढल्यात हो त्याच्या."

सगळे खो खो हसायचे. हा दातओठ खाऊन पुढचं डोकं भादरायला घ्यायचा. घरात मात्र चडफडायचा, "लोक नावं ठेवतात. वैताग आलाय त्या काटक्यांचा." त्या का ठेवल्यात, हे बायकोला सांगायचं काही त्याला सुचलं नाही. याच्या पोटातलं ओठावर येईल तर शपथ!

एके सकाळी तो दाढ काढायला गेला. दुपारी सुजलेला गाल घेऊन परत आला, तर पायरी लख्ख. बायको दारात उभी, हातात त्याचीच कात्री. "बघा, तुमची कटकट मिटवली. केरसुद्धा भरला."

याच्या तोंडात कापसाचा बोळा. "बी..." एवढंच कसंबसं बाहेर पडलं. मग बोळा थुंकून ओरडला, "अगं, ताईचं बी!"

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. काटक्या तिनं सलूनमधल्या केसांच्या पोत्यात कोंबल्या होत्या. बोंडं दाबून फुटलेली. बी टाचणीच्या डोक्याएवढं, काळं, आणि ते सगळं केसांत मिसळून गेलेलं.

"मला सांगितलं का नाहीत?" ती रडायलाच लागली.

त्यानं अर्धं शटर ओढलं, चादर अंथरली आणि पोतं ओतलं. चाळणी लावून पाहिली, नुसता गुंता झाला. मग उठून खणातून बारीक दातांची फणी काढली आणि केसांचा एकेक झुबका हातात धरून विंचरायला लागला. बी चादरीवर पडू लागलं. बायको डोळे पुसत वेचू लागली. घड्याळवाला डोकावला, चेष्टा करायला तोंड उघडलं, पण चादर बघून दुकानातला स्वतःचा बारीक चिमटा घेऊन आला आणि खाली बसला. संध्याकाळपर्यंत मूठभरही जमलं नाही, पण पुडी बांधण्यापुरतं जमलं.

पुडी गेली. पुढं बरेच दिवस ताईचा फोन नाही. शेवटी एकदाचा आला.

"उगवलंय रे," ताई म्हणाली. "चांगली पानं आलीत." मग हळूच, "पुडीत केस होते. काळे, पांढरे, अख्ख्या गल्लीचे."

हा ओशाळला. "ते जरा..."

"फणीनं काढलंस ना?"

"हो."

"आणि तू उवा काढताना केवढा बोंबलायचास!" ताई हसली. कितीतरी महिन्यांत तिचं हसू त्यानं ऐकलं नव्हतं.

"ताई, पण पहिल्या वर्षी नुसती पानंच येतात हं. फुलायला पुढचं वर्ष उजाडेल." आता ती नेहमीचं 'मला घेऊन जा' म्हणणार, म्हणून त्यानं मन घट्ट केलं.

"उजाडू दे की," ताई म्हणाली. "मी कुठं जातेय?"