पाण्यावरच्या फटफटीचा परवाना

दोन वर्षं रविवारची झोप मोडून आमच्या ह्यांनी जे यंत्र बनवलं, त्याला काय म्हणावं हे गल्लीत कुणालाच कळत नव्हतं. पत्र्याची दोन लांबुळकी पिंपं शेजारी शेजारी जोडलेली, वर स्कूटरची सीट, पुढे सायकलचं हँडल, मागे मोडीत निघालेल्या स्कूटरचं इंजिन आणि त्याच्या दांड्याला पितळी पंखा. शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगं, तुमच्या अंगणात बंब आडवा पडलाय!" हे छाती काढून सांगायचे, "पाण्यावरची फटफटी आहे ती."

हल्ली तुम्ही लोक गोव्याला आणि मालवणला जाऊन जिच्यावर बसून किंचाळता ना, त्या जेट-स्कीची ही नगरी आजी म्हणा. बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. नगरात नळाला पाणी आलं की आम्ही बायका हंडे घेऊन धावायचो, आणि आमचा गडी पाण्यावर फटफटी चालवायला निघाला होता!

मामंजींचं माळीवाड्यात ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं, आणि हे तिथेच काम करायचे. एक दिवस जेवताना मामंजींनी ताटावरून मान वर न करता फर्मान काढलं, "दिवाळीच्या आत ती पाण्यावर चालवून दाखव. न्हाईतर भंगारवाला बोलावतो." ह्यांचा घास हातातच राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भंडारदरा!" मी म्हटलं, "मीपण येणार." मामंजी म्हणाले, "मग मीबी येतो. फजिती डोळ्यानं बघतो." झालं, ठरलं.

एसटीच्या टपावर हे धूड कोण घेणार? ओळखीच्या किराणा व्यापाऱ्याचा ट्रक राजूरच्या बाजाराला मीठ, गूळ, रॉकेल घेऊन जायचा. ड्रायव्हरने भाड्याऐवजी हॉर्न दुरुस्त करून घेतला आणि मग सगळ्या रस्त्यावर तो वाजवून वाजवून आमचे कान किटवले. मी आणि मामंजी केबिनमध्ये, हे मागे मिठाच्या पोत्यांवर फटफटीला कवटाळून. नगर-मनमाड रस्ता तेव्हा बरा होता. कोल्हारला डावीकडे वळलो आणि खड्डे सुरू झाले. लोणीच्या बाजूला साखर कारखान्याच्या मळीचा वास नाकात बसला तो थेट संगमनेरला भजी खाल्ल्यावर गेला. चार आण्यात प्लेटभर भजी आणि वर तळलेल्या मिरच्या. मामंजींनी दोन प्लेटा हाणल्या आणि ह्यांना फक्त चहा, कारण आनंदाने ह्यांच्या घशाखाली काही उतरत नव्हतं.

अकोले गावाच्या पुढे हवाच बदलते. उघड्या माळाची सवय असलेले आमचे डोळे, त्यांना भाताची खाचरं आणि डोंगर बघून वेड लागायची पाळी. राजूरला बाजार भरला होता. ट्रक थांबला तसा भोवती घोळका जमला.

"काय वं हे? हिरीवरला पंप हाय काय?"

"न्हाई, फटफटी हाय पाण्यावरली," हे वरून ओरडले.

एक म्हातारी कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "मानसाला जमिनीवर जागा न्हाई उरली व्हय?" मामंजी इतके हसले, इतके हसले, की त्यांनी तिच्याकडून गरज नसताना शेरभर हिरडा विकत घेतला.

बाजारात माल उतरवून ट्रकने आम्हाला पुढे सोडलं. मुक्काम धरणाजवळ शेंडी गावात, एका खाणावळीच्या पडवीत. आंबेमोहोराचा भात, कुळथाचं पिठलं, लसणाची चटणी. त्या भाताचा वास आजही सांगता येईल मला. तुम्ही जाल तेव्हा हॉटेलातलं पनीर मागवू नका, हात जोडून सांगते.

सकाळी तलावावर गेलो. पावसाळा संपून तलाव काठोकाठ भरलेला, पलीकडे डोंगर उलटे पाण्यात. हे पळतच सुटले, पण धरणाच्या भिंतीजवळच्या कचेरीतून हाक आली, "ओ फटफटीवाले! आधी इकडे!"

ते कालवा निरीक्षक तांबोळीसाहेब. बारीक अंगाचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी फटफटीभोवती तीन फेऱ्या मारल्या, पंखा फिरवून पाहिला. "काम झकास आहे," म्हणाले. ह्यांचा चेहरा असा फुलला म्हणता! मग साहेबांनी वही उघडली.

"परवाना नावेला नसतो, चालवणाऱ्याला असतो. एका सीटवर एकच माणूस. अंगात हवा भरलेली ट्यूब. भिंतीजवळ लाल पिंपं तरंगताहेत, त्यांच्या आत जायचं नाही. दिवस मावळायच्या आत काठावर. आणि पलीकडच्या गावची माणसं नावेनं येतात-जातात. वल्ह्याच्या नावेला आधी वाट द्यायची, तिच्याजवळ यंत्र हळू. कबूल?"

"कबूल, कबूल!" ह्यांना एवढी घाई, की सातबारा लिहून मागितला असता तरी कबूल म्हणाले असते.

"आणि पडलात तर? माणूस पडतो, यंत्र पळतं, गोल फिरून त्याच्याच डोक्यावर येतं. कंबरेला दोर बांधा. माणूस पडला की यंत्र बंद, असं काहीतरी करा."

ते काम ह्यांनी पाच मिनिटांत केलं. इंजिनच्या प्लगची वायर दोराला अशी जोडली, की दोर ताणला की वायर निसटायची. साहेब खूश. वहीवर लेखणी टेकवत म्हणाले, "आता शेवटचं. पोहून दाखवा."

आमचे हे एक पाऊल मागे सरकले.

"काय झालं?"

"साहेब, मी नगरचा," हे म्हणाले.

मामंजी दुसरीकडे बघायला लागले. अख्ख्या खानदानात कुणी कधी डुबकी मारलेली नव्हती. दोन वर्षं पाण्यावर चालणारं यंत्र बनवलं, पण पाण्यात पडल्यावर काय, हा विचार या शहाण्याच्या डोक्याला शिवलाच नव्हता! मला हसू यायला लागलं, आणि ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा गेलं. ओठ घट्ट मिटलेले, नजर यंत्रावर. दिवाळीला आठच दिवस उरले होते.

"माफ करा," तांबोळीसाहेब हळू म्हणाले. "इथे पलीकडच्या गावातल्या बुडालेल्या माणसांना मी हाताने बाहेर काढलंय. पोहता येत नसेल तर परवाना नाही."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मला येतं."

माझं माहेर पुणतांब्याचं, गोदावरीच्या काठचं. वडिलांनी पाठीला भोपळा बांधून पाचव्या वर्षी पाण्यात ढकललेलं. बघायला आले तेव्हा सासरच्यांनी मला शिवण विचारलं, पुरणपोळी विचारली, पत्रिकेतला मंगळ विचारला. पोहता येतं का हे कुणी विचारलं नाही, मग मी कशाला सांगू?

मामंजींकडे पाहिलं. सून परपुरुषांसमोर पाण्यात उतरणार, आता काय बोलतात! त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "काष्टा नीट घाल सूनबाई," एवढंच म्हणाले.

मी काठापासून समोर उभ्या एका होडीपर्यंत गेले, वळसा घालून आले, आणि मुद्दाम उताणी तरंगूनसुद्धा दाखवलं. होडी पलीकडच्या गावच्या धाऊबाबांची, साठीचा वाळका माणूस. ते वल्हं आपटून ओरडले, "साहेब, ही तर मासोळी हाय! लिवा की!" साहेबांनी माझं नाव लिहिलं. परवाना माझ्या हातात दिला. मी तो ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "डावीकडे जरा ओढते ती. हँडल घट्ट धर." बनवणारा काठावर राहणार होता, आणि तरी तो मला हँडल समजावत होता. मला भरून आलं.

आता ऐका गंमत. नवं वाहन पूजेशिवाय हलवायचं नाही, ही आपली रीत. मामंजींनी नारळ फोडला, लिंबू बांधलं, हँडलपासून इंजिनपर्यंत झेंडूचा हातभर जाड हार चढवला. साहेब बजावत होते, "अंगावर लोंबतं काही नको." म्हणून मी पदर खोचला, वेणी अंबाड्यात बांधली, बांगड्यासुद्धा काढल्या. पण पूजेचा हार? तो कोण काढणार? साहेबांनाही सुचलं नाही, मलाही नाही.

किक मारली. फट, फट, फटफटफट! अगं आई गं! फटफटी उसळलीच. पाण्याचे दोन पंखे दोन्ही अंगांना. मी काय ओरडत होते देव जाणे, बहुतेक आईलाच हाक मारत होते. डोंगर भराभर बाजूला सरकत होते. धाऊबाबांची नाव आडवी आली तशी मी नियमाप्रमाणे हळू झाले, वाट दिली. नावेतल्या बायका तोंडावर पदर धरून बघत होत्या. मी हात केला, त्यांनीही केला. मधोमध जाऊन मी एक मोठ्ठा वळसा घेतला. जन्मात इतकी मोकळी मी कधी नव्हते, खरं सांगते.

परत फिरताना इंजिन गुरगुरायला लागलं. मागे पाहते तर हार घसरून पंख्याकडे चाललेला. आणि मी काय करावं? इंजिन चालूच, आणि मी वाकून हार ओढायला गेले! तोल गेला, धप्पकन पाण्यात. त्याच क्षणी कंबरेचा दोर ताणला, वायर निसटली, पंखा थांबला. थांबला नसता तर ही बोटं आज टाइप करत नसती. सगळा हार पंख्याला गुंडाळला होता. मी फटफटीच्या पिंपांच्या मागे राहून, ट्यूबवर तरंगत, एकेक झेंडू सोडवला. वारा भिंतीकडे होता पण लाल पिंपं लांब होती. मला काही भीती वाटली नाही. मी चक्क गाणं म्हणत होते.

वायर जोडली, वर चढले, किक मारली आणि विजयी वीराच्या थाटात काठाला आले. बघते तर आमचे हे गळ्यापर्यंत पाण्यात, आणि नावेतून वाकून धाऊबाबांनी ह्यांचा सदरा मुठीत धरलेला.

"अहो, कपड्यांसकट आंघोळ?" मी हसले.

कुणी हसलं नाही. धाऊबाबा दमले होते. "पोरी, हिकडनं तुजं डोकं दिसत न्हवतं. रिकामं यंत्र दिसत हुतं. ह्यो चालत निघाला आत. म्या म्हनलं, पोहता येतं का रं? तर म्हनतो, न्हाई. आन चालतच हुता."

ह्यांचे दात वाजत होते. मला बघून म्हणाले, "डावीकडे ओढली का गं?" मी तिथेच, सगळ्यांसमोर, ह्यांच्या ओल्या सदऱ्यात तोंड खुपसून रडले. सासऱ्यांदेखत! तांबोळीसाहेब पाठ करून वहीत लिहीत राहिले. नंतर पाहिलं तर नियमांच्या शेवटी एक ओळ वाढली होती: पूजेचा हार पाण्यावर जाण्याआधी उतरवावा.

परतीला ट्रक संगमनेरला थांबला. मामंजी भजीसुद्धा नको म्हणाले. नगरला उतरल्यावर फटफटी अंगणात ठेवली, आणि ते स्वतः पान्हा घेऊन बसले. इंजिन सोडवून आपल्या खोलीत नेलं. "भंगारवाल्याला न्हाई बोलवत," म्हणाले. "पर हा पोहायला शिकंपर्यंत इंजिन माझ्या खाटंखाली. सूनबाई, शिकव त्याला."

आता तुम्ही विचाराल, मग ह्यांनी फटफटी चालवली का? नाही. पुढच्या वर्षी पाऊसच दगा देऊन गेला. ते इंजिन एका गावच्या पिण्याच्या विहिरीवर पाणी उपसायला बसलं आणि तिथेच राहिलं. फटफटीच्या पिंपांत आम्ही टँकरचं पाणी साठवलं. भंडारदऱ्याला आता जाल तर लाइफ जॅकेट मिळतं, त्याचे बंद नीट बांधा, मित्राला मागे बसवून फोटो काढू नका. नियमाची वही कंटाळवाणी वाटते मान्य आहे, पण ती लिहिणाऱ्याने काठावर उभं राहून कुणाची तरी वाट पाहिलेली असते.

पण दुष्काळाआधीचा तो उन्हाळा आम्ही पुणतांब्याला काढला. माझ्या वडिलांच्या मळ्यातली विहीर, मिशीवाला अठ्ठावीस वर्षांचा जावई, पाठीला भोपळा, आणि बघायला अर्धं गाव. वीस दिवस ह्यांनी पाणी प्यायलं. एकविसाव्या दिवशी भोपळा काढला, दोर सोडला आणि उताणे झाले. तरंगले! विहिरीतून वर माझ्याकडे बघत, हसत, हळूच विचारलं, "अगं, तिथं मधोमध असंच वाटत होतं का?"

मी काठावर ओणवी होते. म्हटलं, "हो. अगदी असंच."