कंबरेला माग बांधलेल्या काकू

काकू विणायला बसल्या की लीड्सच्या त्या घराचं पुढचं दार बंद. काकांनाही सूट नव्हती. मागाचं एक टोक दाराच्या हँडलला आणि दुसरं पट्ट्यानं काकूंच्या कंबरेला. दार उघडलं की ताण गेला, धागे ढिले आणि काकूंचा पारा वर. मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायचे. ऑफिसला मागच्या दारानं, कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिनांमधून वाट काढत जायचे. आधी त्यांनी माग रेडिएटरला बांधला होता. रेडिएटरच भिंतीतून निघून आला.

हे खूळ मार्ताचं. शेजारच्या आजोबांना सांभाळणारी केअरर, ग्वाटेमालाची, तिथल्या मूळच्या माया लोकांतली. काकूंनी पहिल्याच दिवशी कुंपणावरून तिला गाव विचारलं. तिनं अंगातल्या हुईपिलवर, म्हणजे हातानं विणलेल्या पोलक्यावर, बोट ठेवलं. गावागावाची नक्षी वेगळी, ओळखणारीला विचारावंच लागत नाही. काकू हरखल्या. म्हणाल्या, "नाहीतर आपण! आधी आडनाव विचारा, मग गाव, मग मुद्द्यावर या."

सत्तरीत शिकायला बसल्या. मार्ताच्या गावची नक्षी पक्ष्यांची, आणि काकूंचे पक्षी हमखास लठ्ठ. मार्तानं उसवायला सांगितलं की म्हणायच्या, यॉर्कशरमध्ये खाऊनपिऊन सुखी आहेत, राहू दे. हा वाद त्या चक्क मराठीत घालायच्या, आणि मार्ताला तो कळायचाही.

मग मार्ताच्या आईचं दुखणं वाढलं आणि ती कायमची गावी जायला निघाली. काकूंनी हट्ट धरला: तिची ओटी भरीन ती माझ्या हातच्या हुईपिलच्या कापडानं, दुकानातला खण चालायचा नाही. दिवसदिवस त्या दारालाच बांधलेल्या. काकांनी महिनाभर पोहे केले आणि आम्ही ते निमूटपणे खाल्ले.

निघायच्या दिवशी मार्ता मागच्या दारानं निरोप घ्यायला आली. टॅक्सी पुढच्या दारात, आणि कापडाची चार बोटं अजून बाकी. शेवटची चार बोटं सगळ्यात चिवट असतात म्हणे. टॅक्सीवाला दुसऱ्यांदा बेल वाजवून गेला. मी म्हटलं, जाऊ दे तिला मागूनच. काकू माझ्यावर उखडल्या.

"लेकीला बिनांमधून पाठवू?"

शेवटी मार्तानंच त्यांच्या कंबरेचा पट्टा सोडला. काठ्यांसकट माग गुंडाळला, उरलेलं आईजवळ बसून विणीन म्हणाली. काकूंनी नारळ आणि तांदूळ घेतले आणि त्या गुंडाळीसकट तिची ओटी भरली. मला रडू आवरेना, आणि काका उगाच स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिले.

मार्ता उंबऱ्यात वळली, फोनकडे बोट दाखवून काहीतरी सांगू लागली.

"पुरं झालं की फोटोबिटो पाठवू नकोस," काकू म्हणाल्या. "अंगात घालून ये."