बिसरामनं पांढरी चाखली

सालेकसाच्या जंगलात लाकूड कंपनीचा एक बंगला होता आणि त्या बंगल्यात बिसराम सोळा वर्षं खानसामा होता. हा माणूस दारूला शिवत नाही, अशी त्याच्या साहेबाची समजूत होती. बाटलीला तो खरोखरच शिवत नसे. पेल्यांच्या तळाशी जे उरे, त्याची मात्र विल्हेवाट लावी. साहेब लाल वाइन पिई. त्यामुळे बिसरामची जीभ लालला इतकी सरावली, की गावच्या लग्नात मोहाची दारू पुढं आली तर तो नाक मुरडी.

१९४८च्या मार्चात साहेब विलायतेला परत निघाला. गोंदियात ईश्वरदासांच्या हॉटेलात खानसाम्याची जागा रिकामी होती. पण जुन्या साहेबाची चिठ्ठी पाहिल्याशिवाय ईश्वरदास माणूस ठेवत नसत. चिठ्ठी निरोपाच्या जेवणानंतर मिळणार होती.

जेवणाला मासळी, म्हणून नागपूरहून पांढरी वाइन मागवलेली. ती उन्हातून प्रवास करून आली आणि नेमकं त्याच दिवशी साहेबाला पडसं झालं. हिंग कुठला नि गुलाब कुठला, तेही कळेना.

"बिसराम, चखके बोलो. खराब तो नहीं हुआ?"

बिसराम पेला घेऊन स्वयंपाकघरात गेला. तिथं त्याची बायको जमुनाबाई मसाला वाटत होती. तिच्या माहेरी मोहाची भट्टी. तिथली रीत सोपी : दारू चमचाभर निखाऱ्यावर टाकायची, भडकली तर चांगली. तिनं टाकली. निखारा चुर्र करून विझला.

"पानी आहे जी. नागपूरवाल्यानं फसवलं तुमच्या साहेबाले."

"विस्तवाले काय समजते? थांब." बिसरामनं घोट घेतला. कैरीची साल भिजवलेल्या पाण्यासारखं काहीतरी जिभेवरून गेलं आणि मागं काहीच ठेवून गेलं नाही. दुसरा घोटही तसाच गेला.

"तोंड काऊन वाकडं करून राहिले?"

"अवो, हे घशाले धरूनच नाही राहिलं."

"मंग सांगा तसं. पाव्हण्यांचं पोट दुखलं तं भेटते का चिठ्ठी?"

मुद्दा बिनतोड होता. बिसराम बाहेर आला आणि अदबीनं म्हणाला, "साब, खराब है. लालवाली जैसा गला नहीं पकडता."

साहेबानं नाकावरचा रुमाल खाली घेतला. "लालवाली?"

आपण काय बोलून गेलो, हे बिसरामच्या आता ध्यानात आलं. "वो गिलास के नीचे का, साब. मोरी में डालो तो मोरी लाल होती."

साहेब हसला की शिंकला, हे कळलं नाही. वाइन त्यानं तरीही टेबलावर मांडायला लावली आणि पाहुण्यांनी ती वाखाणत संपवली. खराब नव्हतीच ती. पेल्यांत उरलेलं सोळा वर्षांत प्रथमच मोरीत गेलं.

सकाळी चिठ्ठी मिळाली. इंग्रजीत, बंद पाकिटात. गोंदियापर्यंत गाडीत बिसराम ते पाकीट उन्हाकडं धरून पाहत होता. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण बसवत नव्हतं.

ईश्वरदासांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "लिखा है, सफेदवाली में इसको कुछ समझता नहीं. लालवाली गिलास में बचने नहीं देता."

बिसराम आपलं गाठोडं उचलायला वाकला.

"आगे लिखा है, सोलह बरस में भरी बोतल को हाथ नहीं लगाया." त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. "पहलेवाला तो भरी बोतलें ही ले जाता था. कल से आ जाओ."

चिनी मातीची सगळी भांडी त्यांनी बिसरामच्या ताब्यात दिली. दारूच्या कपाटाची किल्ली मात्र आपल्या जानव्यालाच राहू दिली. कपाटात कोणत्या रंगाची असते, हे बिसरामनं महिनाभर तरी विचारलं नाही.