मालकांचे चांदीचे चमचे

माझा नवरा गलाईच्या धंद्याला नालायक होता.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं म्हणून मी गोड लिहीन असं वाटत असेल, तर पुढं वाचू नका.

गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं. आमच्या सांगलीकडची माणसं देशभर हेच करतात. आम्ही बेंगळूरला, चिकपेटच्या बोळात. खाली भट्टी, वर घर.

गिऱ्हाईक दारात उभं राहून "बेगा, अण्णा, बेगा" म्हणून घाई करतंय.
आणि आमचे मालक चमचा हातात धरून उजेडाला.

गोऱ्या साहेबाच्या काळातले चांदीचे चमचे. जुने बंगले पाडले की मोडीत यायचे. एखादा आवडला की तेवढ्याच वजनाची आपली चांदी गिऱ्हाइकाला द्यायची आणि चमचा वर घरी, माझ्या लाडवाच्या डब्यात.

जेवण झालं की सतरंजीवर मांडून बसायचे.

"हे बघ. दोन्हीवर वेलच आहे. पण ह्याची पानं देठाकडं वळलीत, त्याची टोकाकडं. दोन वेगळे कारागीर आहेत हे."

"चमचाच आहे ना? तोंडात घालायचा आणि धुवायचा."

"तुला कशाचंच कौतुक नाही."

"भांडी पडलीत माझी. त्यांचं करा कौतुक."

एकाच्या टोकाला गणपती होता. म्हटलं, साहेब देवाला मुठीत धरून खीर खात होता काय?
हसले नाहीत. म्हणाले, "सोंड बघ की, कशी वळवलीय."

एका दिवाळीला मी चिंच घेऊन घासायला बसले, तर माझा हात धरला.
"काळं राहू दे. खाचेत काळं आहे म्हणून नक्षी दिसती."

काल धाकट्या भावजींनी डबा मागितला. "वहिनी, उद्या दादाच्या फोटोपुढं मांडूया सगळे."
मी दिला.

आज सकाळी घेऊन आले. लखलखीत.

तेजाबात बुडवून काढले होते.

गलाईवाला दुसरं काय करणार? काळी चांदी दिसली की त्याचे हात शिवशिवतात.

सगळे एकसारखे पांढरे. वेल दिसेना, पानं दिसेनात. गणपतीची सोंड सपाट.

"चकचकीत झालेत ना, वहिनी? दादाला आवडलं असतं."

स्वयंपाकघरात गेले. बाहेर आले. परत गेले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताचा पार गिचका झाला. बोलायला तोंड उघडलं आणि भावजींची बोटं दिसली. तेजाबानं पिवळी पडलेली.

"भावजी, हात धुवा. पान वाढते," एवढंच म्हटलं.

पण चेहरा लपवायला मला कधी जमलंय? अर्ध्या जेवणात त्यांना कळलं. घास तसाच हातात.

"मी घालवलं का गं सगळं?"

मी आमटी वाढली.

"मग आता वितळवून दादाच्या नावानं समई करूया का?"

"भट्टीला हात लावायचा नाही."

वर्षश्राद्धाला आलेले सगळे गेल्यावर मी एकेक चमचा घेऊन बसले. डोळ्याला काही दिसत नव्हतं, म्हणून नख फिरवून बघितलं. खाच लागते अजून. उथळ झालीय, पण पान कुठं वळलंय ते नखाला कळतंय.

चांदी उघडी ठेवली की आपोआप काळी पडते. हाताळत राहिलं की वरचं निघतं, खाचेतलं राहतं. एवढं मला बी कळतं.

डबा गॅसशेजारी उघडा ठेवलाय. चमच्यांनीच साखर वाढणार, पोहे खाणार. नक्षी परत दिसायला किती वर्षं लागतील काय माहीत. मला चहा उकळेपर्यंत दम निघत नाही.

पण ह्या चमच्यांना कुणी चिंच लावायची नाही, लिंबू लावायचं नाही. भावजींना सांगितलंय, तुम्हालाही सांगते.

मालक, तुम्ही निवांत जा.
मी बसलेय इथं.