पाहुण्यांना शेवटी वाढणारी शाळा

आज डोकं इतकं तापलंय की इथं लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

दुपारी लेकीला आणायला गावच्या शाळेत गेले. खिचडीची पंगत बसली होती. ऊसतोड मजुरांची मुलं मात्र रिकाम्या ताटल्या धरून दाराशी उभी. वर्गातही त्यांची जागा तिथंच, चपलांपाशी.

गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, “ताई, ती पाहुणी हायेत. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की जातील निघून. त्यांना कशाला शिकवत बसायचं? आधी आपल्या पोरांचं बघू.”

तेवढ्यात त्यांच्यातली एक पोरगी मला हळूच म्हणाली, “मावशे, आमी लई खात न्हाई.”

गुरुजी, तुमच्या घरी पाहुणा आला की त्यालाही चपलांपाशीच बसवता का?

आणि गावकऱ्यांनो, तुम्हालाही विचारते. आपल्यात पाहुण्याला शेवटी वाढायची रीत कधीपासून आली?